लाल कॅसेटमधला डूम: पीसीचा दांडगा गेम टीव्हीच्या डब्यात कसा मावला

1995च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या दुकानांत सुपर निन्टेंडो या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनची एक कॅसेट आली. या मशीनच्या कॅसेटी एरवी करड्या प्लास्टिकच्या असत, ही मात्र लालभडक होती. आत होता 'डूम', राक्षसांवर गोळ्या झाडत पुढे सरकायचा गेम. ज्यांनी तो आधी पीसीवर खेळला होता, त्यांनी कॅसेट लावली आणि बहुतेकांनी नाक मुरडलं. चित्र भरड, वेग मंद, चौफेर काळी चौकट आणि पायाखाली फरशी नाही की चिखल नाही, नुसता एक सपाट रंग. हा कसला डूम?

मला विचाराल तर ती लाल कॅसेट म्हणजे प्रोग्रामिंगमधली एक अफलातून करामत आहे. तिच्याकडे नीट पाहिलं की पीसीचा जड गेम अशा टीव्हीच्या मशीनवर, कन्सोलवर आणणं, म्हणजे ज्याला धंद्यात 'पोर्ट करणं' म्हणतात, हे नेमकं काय काम आहे ते कळतं. बाहेरून वाटतं की फाइल उचलायची, दुसऱ्या मशीनवर ठेवायची, दोन-चार दुरुस्त्या करायच्या, झालं. तसं ते कधीच होत नाही. दोन मशीन जितकी वेगळी, तितका तो गेम नव्याने लिहावा लागतो. आणि लिहिणाऱ्याला प्रत्येक वळणावर एकच गोष्ट ठरवायची असते: यातलं काय काढलं तरी गेम तोच राहील, आणि काय काढलं की त्याचा जीव जाईल?

आधी मूळ गेमकडे पाहू.

डूम आला 10 डिसेंबर 1993 रोजी. टेक्ससमधल्या आयडी सॉफ्टवेअर नावाच्या मूठभर माणसांच्या कंपनीचा गेम. पहिला भाग फुकट, आवडला तर पुढचे दोन विकत घ्या, असा मामला. फुकटचा भाग दोन फ्लॉप्यांत बसायचा, त्यामुळे तो जगभर हातोहात फिरला. आपल्याकडेही डूम म्हटलं की आठवतो तो पीसीच. टीव्हीला जोडायचा 'व्हिडिओ गेम' म्हणजे तेव्हा आपल्याला निन्टेंडोच्या जुन्या 8-बिट मशीनच्या नकला आणि त्यांच्या एकात शंभर गेम सांगणाऱ्या कॅसेटी एवढंच ठाऊक. सुपर निन्टेंडो इथे फारसा कुणी पाहिलाच नाही.

पीसीवर डूमला किमान 386 प्रोसेसर आणि 4 एमबी रॅम लागायची, आणि झोकात चालायला 486. पडद्यावरचं चित्र 320 बाय 200 ठिपक्यांचं, म्हणजे 64,000 ठिपके. सेकंदाला जास्तीत जास्त 35 चित्रं. म्हणजे दर सेकंदाला सुमारे साडेबावीस लाख ठिपक्यांचा रंग ठरवून तो लिहायचा. आणि हे सगळं साध्या प्रोसेसरने, कारण तेव्हाच्या पीसीत आजच्यासारखं ग्राफिक्स कार्ड नव्हतं.

हे जमलं ते आयडीचा प्रोग्रामर जॉन कार्मॅक याने केलेल्या काटकसरीमुळे. पहिली काटकसर अशी की डूम खऱ्या अर्थाने त्रिमितीय नाहीच. त्याचा नकाशा कागदावरच्या घराच्या प्लॅनसारखा आहे. जमीन खालीवर असू शकते, छत उंच-ठेंगणं असू शकतं, पण खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली असू शकत नाही. मान वर करून बघायची सोय नाही. भिंती सगळ्या सरळ उभ्या.

दुसरी काटकसर आकडेमोडीतली. दशांश अपूर्णांकांचा हिशेब तेव्हाच्या बऱ्याच प्रोसेसरांना फार महाग पडायचा. म्हणून डूममध्ये तो टाळलाच आहे. किराणा दुकानदार साडेबारा रुपये असं न लिहिता सगळा हिशेब पैशांत करतो म्हणा, 1250 पैसे. अपूर्णांक गायब, फक्त पूर्णांक. डूम एका एककाचे 65,536 भाग करतो आणि सगळा हिशेब त्या 'पैशांत' ठेवतो.

तिसरी युक्ती सगळ्यात सुंदर, आणि तिचा जन्म गमतीने सुपर निन्टेंडोवरच झाला.

डूमवर काम चालू असताना आयडीच्या आधीच्या गेमची, 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी'ची, सुपर निन्टेंडो आवृत्ती द्यायची बाकी होती. बाहेरच्या माणसाला दिलेलं काम अडकलं, म्हणून डूम बाजूला ठेवून आयडीच्या लोकांनी ते स्वतःच उरकायला घेतलं. पीसीवरची जुनी पद्धत तिथे अगदीच रांगत होती. पडद्यावरच्या प्रत्येक उभ्या रेघेसाठी एक काल्पनिक किरण सोडायचा आणि तो भिंतीवर कुठे आपटतो ते पाहायचं, अशी ती पद्धत. कार्मॅकने पर्याय शोधला आणि त्याला 1980च्या सुमाराच्या संशोधनातली एक कल्पना सापडली: बीएसपी ट्री.

घराचा प्लॅन घ्या. एक भिंत निवडा आणि तिची रेघ दोन्ही बाजूंनी कागदाच्या कडेपर्यंत वाढवा. प्लॅनचे दोन भाग झाले. आता प्रत्येक भागात पुन्हा एक भिंत निवडून तेच करा. असं करत करत सगळा प्लॅन लहान लहान तुकड्यांत फोडा. हे किचकट काम लेव्हल बनवतानाच एकदा करून फाइलीत लिहून ठेवायचं. खेळताना मशीनने एवढंच विचारायचं: खेळाडू या रेघेच्या अलीकडे आहे की पलीकडे? अलीकडे असेल तर अलीकडचा भाग आधी काढा. पुढची रेघ, पुन्हा तोच प्रश्न. भिंती आपोआप जवळून लांब अशा क्रमाने हाती येतात. पडद्याची जी उभी रेघ जवळच्या भिंतीने पूर्ण भरली, तिच्यामागे काय आहे ते बघायचंही नाही. एका भिंतीवर दुसरी भिंत रंगवण्यात एक क्षणही वाया जात नाही.

ही कल्पना वुल्फेन्स्टाइनच्या पोर्टमध्ये वापरून झाली आणि मग डूममध्ये गेली. म्हणजे पीसीच्या सगळ्यात गाजलेल्या शूटरची कळीची युक्ती एका दुबळ्या कन्सोलच्या अडचणीतून आली. पीसीवाल्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

त्याच पोर्टची दुसरी आठवण वेगळ्या कारणासाठी निघते. निन्टेंडोच्या तेव्हाच्या नियमांपायी रक्त काढून टाकावं लागलं आणि अंगावर येणाऱ्या कुत्र्यांचे उंदीर करावे लागले. डूमपर्यंत मात्र वारं बदललं होतं. 9 डिसेंबर 1993ला, डूम येण्याच्या आदल्याच दिवशी, अमेरिकी सिनेटमध्ये गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली. त्यातून पुढच्या वर्षी वयोगटाचे शिक्के देणारी यंत्रणा उभी राहिली. शिक्का मारायची सोय झाल्यावर निन्टेंडोनेही हात सैल सोडला, आणि लाल कॅसेटमध्ये रक्त लालच राहिलं.

आता ज्या मशीनमध्ये हे कोंबायचं होतं ते पाहू. सुपर निन्टेंडो जपानात 1990मध्ये आणि अमेरिकेत 1991मध्ये आला. प्रोसेसरचा वेग जास्तीत जास्त 3.58 मेगाहर्ट्झ. कामाची रॅम 128 केबी, म्हणजे डूमला पीसीवर लागायची त्याच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढी. चित्रासाठी वेगळी 64 केबी.

पण मंदपणा ही खरी अडचण नव्हतीच. अडचण होती स्वभावाची.

आपल्याकडे रांगोळीचे तयार साचे मिळतात. साचा ठेवला, रंग पसरला, उचलला, कमळ तयार. पुढे सरकून पुन्हा तोच साचा. दहा मिनिटांत अख्खं अंगण भरतं. सुपर निन्टेंडो असा साच्यांचा कलाकार आहे. त्याचं चित्र 8 बाय 8 ठिपक्यांच्या छोट्या तयार चौकोनांतून बनतं. मारिओ पळतो तेव्हा मशीन नवं चित्र काढत नसतं, तयार चौकोन इकडचे तिकडे सरकवत असतं. त्या कामात त्याला तोड नाही. डूमला मात्र हवी असते मुक्तहस्त रांगोळी, तीही दर क्षणी पुसून नव्याने. खेळाडू एक पाऊल सरकला की प्रत्येक भिंतीचा आकार बदलतो आणि कोणताच जुना साचा कामाला येत नाही.

त्यात आणखी एक गुंता. पीसीवर डूमच्या चित्रात एक ठिपका म्हणजे मेमरीतला एक बाइट. रंगाचा क्रमांक लिहिला की काम झालं. सुपर निन्टेंडोत 256 रंगांच्या चित्रासाठी त्या क्रमांकाचे आठ बिट आठ वेगवेगळ्या ठिकाणी विखरून ठेवावे लागतात. आठ पारदर्शक कागद एकावर एक ठेवले की मिळून एक चित्र दिसतं, तसं. एकच ठिपका बदलायचा तरी आठही कागदांना हात लावायचा. साच्यांसाठी ही मांडणी सोयीची आहे, मुक्तहस्त चित्रासाठी छळ.

यावर उतारा मशीनमध्ये नव्हता, कॅसेटमध्ये होता.

निन्टेंडोच्या कॅसेटीत नुसती मेमरीच असली पाहिजे असं बंधन नव्हतं. लंडनच्या अर्गोनॉट कंपनीने सुपर एफएक्स नावाची चिप बनवली होती, आणि ती 1993च्या 'स्टार फॉक्स'च्या कॅसेटमध्ये बसवली गेली. म्हणजे गेम विकत घेताना तुम्ही सोबत एक दुसरा प्रोसेसरही विकत घेत होता. डूमच्या लाल कॅसेटमध्ये तिची दुसरी, सुमारे 21.4 मेगाहर्ट्झची आवृत्ती होती. ही चिप भराभर गुणाकार करते. शिवाय 'या जागी या रंगाचा ठिपका टाक' अशी आज्ञाच तिला देता येते, आणि आठ कागदांची ती कटकट ती स्वतः निस्तरते.

तिच्यासोबत एक नवं दुखणंही आलं. कॅसेटमधल्या मेमरीपर्यंत जायची वाट एकच. चिप तिथून काही वाचत असेल तेव्हा मशीनच्या मूळ प्रोसेसरला तिथे फिरकता येत नाही. चाळीतल्या सामाईक नळासारखं: एका बिऱ्हाडाची बादली लागली की दुसऱ्याने थांबायचं. म्हणून मूळ प्रोसेसरला लागणारा प्रोग्राम आधीच मशीनच्या 128 केबी रॅममध्ये भरून ठेवायचा, घरात पिंप भरून ठेवावं तसा, म्हणजे नळ चिपसाठी मोकळा राहतो.

हे सगळं जुळवलं रँडी लिंडेन नावाच्या माणसाने. तो स्कल्प्चर्ड सॉफ्टवेअर या कंपनीत होता आणि हे काम त्याने सुरुवातीला आपल्या आपणच हाती घेतलं होतं. डूमचा मूळ प्रोग्राम त्याच्याजवळ नव्हता. त्याने आधार घेतला तो डूमच्या चाहत्यांनी फाइली उकलून उकलून तयार केलेल्या एका दस्तऐवजाचा. नकाशे कसे साठवलेत, चित्रं कुठे आहेत, हे त्यात लिहिलेलं होतं. त्यावरून त्याने भिंती, राक्षस आणि नकाशे बाहेर काढले आणि ते दाखवणारं इंजिन स्वतः शून्यातून लिहिलं.

साधनं? तीही नव्हती. त्याने अमिगा संगणकावर लागणारी सगळी अवजारं स्वतः लिहिली. स्टार फॉक्सची एक कॅसेट उघडून तिच्यात बदल केले, सुपर निन्टेंडोचे दोन कंट्रोलर फोडून त्यांच्या वायरी अमिगाला जोडल्या आणि त्या वाटेने प्रोग्राम मशीनमध्ये पाठवला. बटणं दाबायच्या तारेतून अख्खा डूम आत गेला! पुढे याच माणसाने 'ब्लीम' नावाचा, पीसीवर प्लेस्टेशनचे गेम चालवणारा प्रोग्राम घडवण्यात हात घातला आणि सोनीने कंपनीला कोर्टात खेचलं. तो वेगळा विषय आहे, पण माणसाची जात कळावी म्हणून सांगितलं.

आता त्या सपाट जमिनीकडे येऊ, कारण सगळे तिच्यावरूनच लाल कॅसेटला हिणवतात.

भिंतीवर टेक्स्चर, म्हणजे विटा, दगड, गंजका पत्रा यांचं चित्र चढवायचं असेल तर प्रत्येक ठिपका तुमच्यापासून किती दूर आहे ते कळावं लागतं. लांबची वीट लहान, जवळची मोठी. हे काढायला भागाकार लागतो आणि भागाकार हे छोट्या प्रोसेसरचं सगळ्यात खर्चिक काम. पण डूममध्ये भिंती सरळ उभ्या आहेत आणि मान वाकवायची सोय नाही. त्यामुळे पडद्यावरची एक उभी रेघ धरली तर त्या रेघेत येणारा भिंतीचा माथा, मध्य आणि पाया, सगळं हिशेबासाठी एकाच अंतरावर असतं. एका रेघेला एकदा अंतर काढलं की बस. पुढे वरून खाली येताना विटेच्या चित्रात ठरावीक पावलं टाकत जायचं, नुसती बेरीज.

जमिनीचं तसं नाही. पायाजवळची फरशी हातभर अंतरावर, आणि पडद्यावर जरा वर गेलं की तीच फरशी वीस फुटांवर. उभ्या रेघेत अंतर प्रत्येक ठिपक्याला बदलतं. आडव्या ओळीत मात्र ते सारखं राहतं. म्हणून पीसीवरचा डूम भिंती उभ्या पट्ट्यांनी रंगवतो आणि जमीन-छत आडव्या पट्ट्यांनी. त्यासाठी भिंती काढून झाल्यावर उरलेल्या जागा कुठून कुठपर्यंत आहेत याची नोंद ठेवावी लागते, त्या उभ्या नोंदींच्या आडव्या ओळी कराव्या लागतात आणि मग प्रत्येक ओळीत फरशीच्या चित्रातून तिरकं चालावं लागतं. तिरकं, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला एक नाही, दोन बेरजा, आणि कॅसेटमधून रंग उचलून आणायची एक खेप.

एखाद्या मोठ्या दालनात उभे राहा आणि बघा: पडद्याचा निम्म्याहून जास्त भाग जमीन आणि छतच असतं. लिंडेनने तिथे एकच रंग भरला. मोजणी नको, कॅसेटची खेप नको, नोंदी नकोत. एका फटक्यात अर्धा पडदा जवळपास फुकट मिळाला. वाचलेला सगळा वेळ त्याने भिंतींच्या नक्षीवर आणि राक्षसांवर खर्च केला. गोळीबाराच्या गर्दीत माणूस फरशीकडे बघतो का? फार तर हिरव्या विषारी चिखलात पाय पडतोय का एवढंच बघतो, आणि चिखल हिरवा आहे हे सपाट रंगातही कळतं.

काळ्या चौकटीचं कारण आणखी मजेशीर आहे. ती प्रोसेसरच्या मंदपणापेक्षा टीव्हीमुळे आली.

जुन्या टीव्हीत चित्र वरून खाली ओळीओळीने रंगवलं जायचं. अमेरिकी पद्धतीत सेकंदाला 60 वेळा, दर वेळी 262 ओळी. त्यातल्या 224 ओळींत चित्र असतं. उरलेल्या 38 ओळींच्या वेळात टीव्हीचा किरण खालून परत वर जातो आणि पडदा कोरा असतो. सुपर निन्टेंडोच्या चित्रमेमरीत नवं काही लिहायचं तर ते फक्त पडदा कोरा असतानाच लिहिता येतं. तेवढ्या वेळात जास्तीत जास्त 6 केबीच्या आसपास माहिती पाठवता येते.

आता पूर्ण पडदा म्हणजे 256 बाय 224 ठिपके. दर ठिपक्याला एक बाइट धरला तर 57,344 बाइट. 6-6 केबीच्या हिशेबाने नऊ-दहा खेपा. सेकंदाला 60 खेपा होतात, म्हणजे सहा चित्रं. सुपर एफएक्सने चित्र शून्य वेळात काढून दिलं असतं तरीही सेकंदाला सहाच! चिप कितीही पळो, घराचं दार अरुंद आहे.

उपाय एकच, चित्र लहान करायचं. त्याचा फायदा दुहेरी. एक तर पाठवायचे ठिपके कमी. शिवाय वरखालच्या ज्या ओळींत काहीच दाखवायचं नाही, त्या वेळात पडदा मुद्दाम कोरा ठेवून आणखी माहिती सरकवता येते. म्हणजे ती काळी पट्टी ही वाया गेलेली जागा नाही, ती मालाची वाहतूक करायची वेळ आहे. स्टार फॉक्सलाही अशीच चौकट आहे, कारण तेच. लिंडेनने त्यावर आडव्या दिशेने चित्र आणखी भरडही केलं, आणि तरी वेग सेकंदाला दहा चित्रांच्या आसपासच रेंगाळतो. इथे मी त्याची वकिली करणार नाही. राक्षसांची टोळी समोर आली की खेळणं म्हणजे अंदाजपंचे गोळ्या झाडणं होतं.

जागेचा प्रश्न उरला. पीसीवर डूमचा पूर्ण ऐवज सुमारे 11 एमबीचा. कॅसेट 2 एमबीची. पीसीवर बहुतेक राक्षस आठ दिशांनी दिसतात: समोरून, बाजूने, पाठमोरे. त्यासाठी पाच बाजूंची चित्रं काढून उरलेल्या तीन आरशासारख्या उलटवलेल्या असतात. कॅसेटमध्ये राक्षस कायम तुमच्याकडेच तोंड करून असतो. पाठ फिरवून चालला असला तरी तोंड तुमच्याकडे! हे मला सपाट जमिनीपेक्षा जास्त खटकतं. मूळ गेममध्ये राक्षस आपसांत भांडतात, तुम्ही कोपऱ्यात उभं राहून ती मजा बघू शकता. सगळेच तुमच्याकडे बघत असतील तर ती मजाच उरत नाही.

27पैकी 22 लेव्हलच घेतल्या. पण त्या 22 लेव्हलचे नकाशे मूळ पीसीचे, आणि तीन मोठ्या भागांचे शेवटचे महाराक्षसही हजर. त्याच काळात जास्त ताकदीच्या मशीनवर आलेल्या डूममध्ये नकाशे सोपे केलेले होते आणि हे मोठे राक्षस गायबच होते. कॅसेटचा एक छुपा फायदाही इथे कामी आला. पीसीला डिस्कवरची माहिती आधी रॅममध्ये आणावी लागते, म्हणून 4 एमबी. कॅसेटमधली माहिती जागच्या जागी वाचता येते, ती रॅममध्ये आणायची गरजच नाही. नाहीतर 128 केबीत हा खेळ मांडताच आला नसता.

बाकी मशीनवर काय झालं ते पाहिलं की प्रत्येकाने वेगळी गोष्ट सोडून दिली हे दिसतं. अटारी जॅग्वारवरचा डूम 1994मध्ये खुद्द कार्मॅकने बसवला. चित्र पीसीच्या जवळ जाणारं, वेग चांगला, पण खेळताना संगीत नाही. संगीत वाजवणारी चिप त्याने कोण कशाला धडकलं या टकरींच्या हिशेबाला जुंपली होती. पावलांचा, गोळ्यांचा आणि दारांचा आवाज तेवढा येतो, आणि खरं सांगायचं तर त्या शांततेत गेम जास्तच भीतिदायक वाटतो. सेगाच्या 32एक्सवर तिसरा भाग गेला आणि सोबत बीएफजी ही गाजलेली बंदूकही गेली.

थ्रीडीओची गोष्ट रडावं की हसावं अशी. ते काम रेबेका हाइनमन या नावाजलेल्या प्रोग्रामरकडे आलं. काम जवळजवळ तयार आहे अशी समजूत करून दिलेली, प्रत्यक्षात हाती काहीच नाही, आणि मुदत दहा आठवडे. संगीत वाजवणारा प्रोग्राम लिहायला वेळ नव्हता, म्हणून कंपनीच्या मालकाने आपल्या बँडकडून गाणी वाजवून घेतली आणि ती थेट सीडीवर टाकली. परिणामी तो डूम दिसायला सगळ्यात वाईट आणि ऐकायला सगळ्यात झकास आहे. यात मशीनचा दोष नाही. पोर्ट बिघडतात ते बहुतेकदा कॅलेंडरमुळे.

प्लेस्टेशनच्या आवृत्तीने काटछाट तर केलीच, पण भरही घातली: रंगीत प्रकाश, आणि धडाकेबाज संगीताऐवजी ऑब्री हॉजेसने रचलेले घुमणारे, अंगावर काटा आणणारे आवाज. आणि सेगा सॅटर्न, ज्याच्यात दोन-दोन प्रोसेसर होते, तिथे डूम 1997मध्ये आला तो अडखळतच. जिम बॅग्लीने सॅटर्नची स्वतःची चित्र काढणारी चिप वापरून चांगला वेग मिळवला होता. पण त्या पद्धतीत भिंतीवरची नक्षी जवळून बघताना लाटेसारखी हलते. कार्मॅकला ते सहन होईना, त्याने नकार दिला. मग सगळं पुन्हा प्रोसेसरकडून करून घ्यावं लागलं आणि वेग गेला. तेव्हा प्रयोग करू द्यायला हवा होता, असं कार्मॅकने पुढे मान्य केलं. सपाट जमीन ठेवायचं धाडस लिंडेनकडे होतं. इथे हलती भिंत चालवून घ्यायची तयारी नव्हती.

हे जुन्या काळापुरतं नाही. 2016चा नवा डूम प्लेस्टेशन 4 वर सेकंदाला 60 चित्रांनी पळायचा. पॅनिक बटन या ऑस्टिनच्या कंपनीने 2017च्या नोव्हेंबरात तो निन्टेंडो स्विचवर आणला तेव्हा त्यांनी पहिला घाव वेगावर घातला: 60चे 30. एका चित्रासाठी मिळणारा वेळ सेकंदाच्या साठाव्या भागावरून तिसाव्या भागावर गेला, दुप्पट झाला. मग चित्राची बारकाई गर्दीच्या वेळी कमी आणि निवांत वेळी जास्त, अशी आपोआप बदलती ठेवली. फरशी मात्र या वेळी राहिली.

लिंडेनने आपला मूळ प्रोग्राम 2020मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. 2024मध्ये लिमिटेड रन गेम्सने त्यालाच हाताशी धरून सुपर निन्टेंडोसाठी डूमची नवी कॅसेट जाहीर केली, राहून गेलेल्या लेव्हलींसकट. तिच्यात सुपर एफएक्सच्या जागी 'रास्पबेरी पाय' हे छोटे संगणक बनवणाऱ्यांची आजची चिप आहे, जुनीपेक्षा कितीतरी पट वेगवान. मशीन मात्र तेच 1990चं, आणि किरण खालून वर जाईपर्यंतच्या वेळात त्याच्या दारातून आत जाणारा माल अजूनही तोच, 6 केबी.